कुत्रा अंगावर धावून आला तर...

मोकाट कुत्रा अंगावर धावून आला तर तुम्ही काय कराल? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, "पळत सुटू!" काही म्हणतील, "दगड मारू." दोन्ही उत्तरे स्वाभाविक आहेत, पण दोन्ही बऱ्याचदा अंगाशी येतात. ती का अंगाशी येतात हे विज्ञानाच्या तासाला सहज समजावून देता येते, आणि ते समजलेले मूल स्वतःचा बचाव करू शकते.

वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. तांड्यावरून, वस्तीवरून पांदणीने चालत शाळेत येणारी मुले, बकऱ्या चारायला नेणारी माणसे, पहाटे वावरात जाणारे शेतकरी या सर्वांची कुत्र्यांशी रोज गाठ पडते. यांतील काही कुत्री कुणाची तरी असतात, पण मोकळी सोडलेली असतात. काहींना धनीच नसतो. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्या कुत्र्यांच्या सोबतीने राहायचे, तर त्यांचे वागणे ओळखायला हवे.

काळवीट पळते, मग आपण का नको?

कारंजा-सोहोळ अभयारण्यातील काळवीट संकट दिसताच धूम ठोकते. त्याला ते परवडते, कारण ते ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने धावू शकते. आपले काय? एक सोपे गणित फळ्यावर मांडू. मूल सेकंदाला ५ मीटर धावते आणि कुत्रा सेकंदाला ९ मीटर, असे धरू. दोघांत सुरुवातीला २० मीटर अंतर आहे. दर सेकंदाला हे अंतर ४ मीटरने घटते. म्हणजे पाचव्या सेकंदाला कुत्रा मुलाला गाठतो. तेवढ्या वेळात मूल जेमतेम २५ मीटर गेलेले असते. तेव्हा दार, ओटा किंवा भिंत याहून जवळ असेल तरच पळण्यात अर्थ आहे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. नुसता भुंकणारा कुत्राही समोरचे मूल पळाले की मागे लागतो. एक लागला की टोळीतले बाकीचेही लागतात. सायकलच्या आणि मोटारसायकलच्या मागे कुत्री धावतात, त्यामागेही बहुधा हेच कारण असते.

कुत्रा आधी सांगतो

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी प्राण्यांच्या वागण्यातील दोन अंतरांकडे लक्ष वेधले. परका प्राणी ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी दूर सरकतो. हे पलायनाचे अंतर. पण सरकायला जागाच उरली नाही आणि परका आणखी जवळ आला, तर तोच प्राणी उलटून हल्ला करतो. हे निर्वाणीचे अंतर. कोपऱ्यात सापडलेला, साखळीने बांधलेला किंवा पिल्लांजवळ बसलेला कुत्रा का चावतो, हे यावरून ध्यानात येईल. आपल्याकडे पावसाळा सरताना कुत्र्यांचा माजाचा काळ येतो आणि सुमारे दोन महिन्यांनी, हिवाळ्याच्या सुमारास, बरीच पिल्ले जन्मतात. या दिवसांत कडब्याच्या गंजीमागे, पडक्या घरात किंवा पुलाखाली मुलांनी डोकावू नये.

चावण्यापूर्वी कुत्रा बहुधा इशारा देतो. अंग ताठ होते, मानेवरचे केस उभे राहतात, नजर रोखली जाते, ओठ मागे खेचून दात दिसतात. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज खरा नाही. ताठ, उंच धरून थोडीथोडी हलणारी शेपूट रागाची असू शकते. दुरून भुंकणारा कुत्रा बहुधा "इकडे येऊ नको" एवढेच सांगत असतो. आवाज न करता, मान खाली घालून, नजर रोखून येणारा कुत्रा अधिक धोक्याचा.

झाड व्हा, गाठोडे व्हा

कुत्रा अंगावर आला तर जागीच थांबावे. हात अंगाशी घट्ट घ्यावेत, नजर जमिनीकडे ठेवावी, ओरडू नये. मुलांना सांगताना "झाड व्हा" म्हणावे. झाडाच्या मागे कुत्रा धावत नाही. कुत्र्याचा आवेश ओसरला की त्याच्याकडे पाठ न करता, तिरके, एकेक पाऊल मागे सरकावे. दप्तर, छत्री, डबा जे हाती असेल ते आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावे. चावलाच तर त्याचे दात आधी दप्तरात जावेत. सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. मोटारसायकल असेल तर वेग वाढवू नका, कमी करा.

पडलात तर "गाठोडे" व्हा. गुडघे पोटाशी घ्यावेत, तोंड खाली करावे, दोन्ही हातांनी मान आणि कान झाकावेत. मुलांची उंची कमी असल्याने चावे चेहऱ्यावर आणि मानेवर येतात, म्हणून हे मुलांना आवर्जून शिकवावे.

मोठी माणसे दगड उचलण्यासाठी वाकली की पुष्कळ कुत्री मागे हटतात. हे त्यांनी अनुभवातून शिकलेले असते. पण लहान मूल वाकले की त्याचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडासमोर येतो, म्हणून मुलांनी हे करू नये. हातात काठी असेल तर ती अंतर राखण्यासाठी समोर धरावी. काठीचा किंवा दगडाचा मार बसलेला कुत्रा पळेलच असे नाही, तो उलटूही शकतो.

घरची जनावरे

मोकाट कुत्र्यांची टोळी रात्री बकऱ्यांच्या आणि वासरांच्या मागे लागते. नुसत्या तुराट्यांचा कूड पुरत नाही, कारण कुत्री कुडाखालची माती उकरून आत शिरतात. कुडाच्या बुडाशी दगडांची रांग लावावी, किंवा जाळी हातभर बाहेर वळवून मातीत पुरावी. करडांना आणि नुकत्याच व्यालेल्या बकरीला रात्री बंद खोलीत घ्यावे. मांजरीला चढून बसता येईल अशी उंच जागा ठेवावी.

आपल्या कुत्र्याला फिरवताना दोरी हातात हवी. मोकाट कुत्रा समोरून आला तर दोरीला हिसका न देता रस्ता बदलावा. ताणलेल्या दोरीने आपलाही कुत्रा चवताळतो. दोन कुत्री भिडली तर त्यांच्यामध्ये हात कधीही घालू नये, सोडवायला गेलेल्या माणसालाच चावा बसतो. बादलीभर पाणी टाकावे, किंवा मध्ये फळी अथवा पत्रा सारावा.

चावा बसलेल्या जनावराची जखमही साबणाने धुवावी, मात्र हातमोजे घालून. मग लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. एक इशारा विशेष महत्त्वाचा. गाय-म्हैस लाळ गाळू लागली, तिला गिळता येईना, की घशात काही अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात. तो अलर्क रोग, म्हणजे रेबीज असू शकतो. अशा वेळी तोंडात हात न घालता पशुवैद्यकाला बोलवावे, आणि त्या जनावराचे दूध कुणालाही देऊ नये.

चावा बसलाच तर

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी मात्र तो बहुतेक नेहमी टाळता येतो. असे का? लाळेतून जखमेत शिरलेला विषाणू रक्तातून नव्हे, तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. हा प्रवास संथ असतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाही लागत नाही, तर कधी वर्ष उलटते. मेंदूजवळच्या चाव्यात मुदत कमी मिळते. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला चाव्यानंतर लस टोचली गेली आणि तो वाचला. चाव्यानंतर दिलेली लस उपयोगी पडते ती या संथ प्रवासामुळेच.

पहिले काम घरीच करायचे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान १५ मिनिटे धुवावी. विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबण ते विरघळवतो. ताटावरचे तेल साबणाने निघते, तसेच हे. चुना, मिरचीपूड, हळद, तेल, झाडपाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये. जखम शिवण्याची घाईही करू नये.

त्यानंतर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्य दिवशी, आणि नंतर ३, ७ व २८ व्या दिवशी देतात. रक्त निघालेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लसीमुळे शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस जातात. "पोटात चौदा इंजेक्शने" ही घरातील वडीलधाऱ्यांची भीती जुन्या लसीची आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या त्या लसीचे उत्पादन भारतात २००४च्या अखेरीस बंद झाले. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस लस थांबवण्यासाठी नसतात. लस आधी सुरू करावी. कुत्रा पाळलेला आहे, शांत दिसतो, नुसते ओरखडले आहे, या सबबींवर वेळ घालवू नये.

गावाचे काम

एकट्याने सावध राहून हा प्रश्न सुटत नाही. कुत्री अन्नामागे येतात. शालेय पोषण आहारातील उरलेली खिचडी कुंपणापलीकडे फेकली की कुत्री शाळेच्या वेळा पाठ करतात. उष्टे झाकलेल्या खड्ड्यात टाकावे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांना कुंपण घालून तेथील भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.

कुत्री मारून रेबीज जात नाही, कारण रिकाम्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. परिसरातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली. २०१८ आणि २०१९ मध्ये तेथे रेबीजने एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही.

वर्गासाठी दोन कामे सुचवतो. शाळेच्या पटांगणावर "झाड" आणि "गाठोडे" यांचा सराव घ्यावा. शिट्टी वाजताच प्रत्येकाने तीन सेकंदांत ती स्थिती घ्यायची. मग मुलांनी आपापल्या गल्लीतील कुत्री दुरूनच मोजावीत. पाळलेली किती, मोकाट किती, लस टोचलेली किती, याचा तक्ता करावा आणि ७० टक्क्यांना किती कमी पडतात ते काढावे. तो तक्ता ग्रामपंचायतीत नेऊन दिला तर लसीकरण कुठून सुरू करायचे ते गावाला कळेल.