नेवाशात शूटिंग आलं तर?

एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवलाय : "आपल्या नेवाशात मोठ्या सिनेमाचं शूटिंग आलं, तर गावाचं भलं होईल ना?" प्रश्न मस्त आहे. पण उत्तरासाठी आधी वाईजवळच्या मेणवलीला एक चक्कर मारू.

मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट तुम्ही बघितलाच असेल, 2004 च्या 'स्वदेस'मध्ये. शाहरुखचं चरणपूर ते हेच. युनिट गावात उतरलं की खोल्या लागतात, जेवण लागतं, गाड्या लागतात, गर्दीत उभं राहायला माणसं लागतात. नंतर पर्यटक येतात. हा फायदा खरा आहे. पण त्याच घाटावर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली. घाटाची ओळख 'स्वदेसचा घाट' एवढीच उरली, तर नाना फडणीस आणि ही घंटा दोघंही मागे पडतात. हे एक नुकसान, न दिसणारं.

दुसरं नुकसान दिसतं. कॅमेरा दगडाला काही करत नाही हो. करतं ते कॅमेऱ्याभोवतीचं सामान. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. त्यात खिळा ठोकला की गिलावा सुटतो. मग कुणीतरी घाईत सिमेंटने बुजवतं. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडतं, आणि शेजारचा भाग फुगायला लागतो. सीनसाठी लावलेला रंग कोरीव कामाच्या खाचांत बसतो, तो घासून काढताना नक्षीही झिजते.

म्हणूनच केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी 1959 च्या नियमांत स्पष्ट अटी आहेत. चित्रीकरणाला परवाना लागतो. छताखालचा आतला भाग चित्रित करायचा नाही. स्मारकाला पाणी, तेल, ग्रीस असलं काही लावायचं नाही. जनरेटर लांब ठेवायचा. बघायला आलेल्यांची वाट अडवायची नाही. साध्या अटी आहेत, पण प्रत्येकीमागे कुठल्या ना कुठल्या भिंतीची काळजी आहे.

आणि माणसांचीही काळजी हवी. मार्च 2023 मध्ये पन्हाळगडावर एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग चालू होतं. तेव्हा युनिटसोबतचा 19 वर्षांचा एक पोरगा तटावरून खाली पडला आणि पुढे दवाखान्यात गेला. जुन्या तटावर रात्री काम करायचं, तर उजेड आणि कठडा आधी लागतो.

आता नेवासा. आपल्याकडे 1773 चं मोहिनीराजाचं देऊळ आहे, बाहेरून पायापासून वरपर्यंत कोरलेलं. आणि पैस खांब आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो. त्यावर देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. वाडा पडला तर निदान तसाच दुसरा बांधता येतो. शिलालेखातलं एक अक्षर गेलं, तर ते परत कुणी लिहू शकत नाही.

मग सिनेमा नकोच का? तसं नाही. प्रभातने 1940 मध्ये 'संत ज्ञानेश्वर' केला. पुण्याच्या त्या स्टुडिओत नुसत्या सेटवर अख्खी जुनी गावं उभी राहायची. म्हणजे जे घासायचं, रंगवायचं, पाडायचं ते सेटवर; आणि नेवाशात फक्त प्रवरेचा काठ, घाट, लांबून दिसणारा कळस.

माझं मत विचाराल, तर शूटिंग यावं, पण गावाने आधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याच जागांचे फोटो. मोडतोडीसाठी अनामत रक्कम. भाड्यातला ठरलेला हिस्सा थेट डागडुजीला. आणि श्रेयनामावलीत 'नेवासा' हे नाव, म्हणजे आपलं गाव पडद्यावर दुसऱ्याच नावाने मिरवणार नाही.

आणि हो, रील काढणारे आपण सगळे छोटे युनिटच आहोत. कोरीव दगडावर चढून, खांबावर रिंग लाईट टेकवून मिळणारे व्ह्यूज दोन दिवसांचे असतात. रील जरूर काढा, फक्त दोन हात लांब उभं राहून. आणि कॅप्शनमध्ये त्या दिव्याच्या तेलाचं लिहा, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

तुमच्या गावात शूटिंग झालंय का? नंतर त्या जागेचं काय झालं? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!