हिमोफिलिया सारखाच, मग एकाला त्रास जास्त का? समजून घ्या रक्तातली 'धूळ'

समजा, पोलादपूरजवळच्या एका वाडीतल्या मुलाला हिमोफिलिया आहे. गुडघ्यात रक्त साचून तो महिन्यातून दोनदा अंथरुणाला खिळतो. महाडमधल्या दुसऱ्या मुलाचा रिपोर्टही तसाच, पण त्याला वर्षातून एखाद्या वेळीच त्रास होतो. असं का होत असेल?

हिमोफिलिया म्हणजे काय?
रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात. 'ए' प्रकारात फॅक्टर ८ कमी असतो, 'बी' प्रकारात फॅक्टर ९. जन्मणाऱ्या साधारण ५,००० मुलग्यांपैकी एकाला 'ए' प्रकार असतो. फॅक्टर १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र मानतात.

ही 'धूळ' कसली?
पेशींना चालना मिळाली किंवा त्या मरू लागल्या की त्यांच्या आवरणाचे बारीक तुकडे सुटतात. हेच मायक्रोपार्टिकल्स. आकार साधारण ०.१ ते १ मायक्रॉन. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी प्लेटलेटपासून सुटलेल्या अशा कणांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं होतं. पण ही धूळ निरुपयोगी नाही. रक्त गोठवणारे फॅक्टर या कणांच्या पृष्ठभागावर जमून काम करतात.

संबंध काय?
२००३ मध्ये हिमोफिलिया असलेल्या उंदरांच्या रक्तात असे कण वाढवल्यावर रक्तस्राव लवकर थांबला. माणसांमध्येही काहींना कमी त्रास होण्यामागे हे एक कारण असू शकतं. जनुकातला दोष आणि सांध्यांची अवस्था यांचाही त्यात वाटा असतो.

मग टेस्ट करून घ्यायची का?
नाही. कण मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. फॅक्टरची तपासणी मात्र हवीच. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था या आजारावर काम करते.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?
• सांधा सुजला की तेल लावून चोळू नका. बर्फ लावा, आराम द्या आणि लगेच डॉक्टरांना गाठा.
• अॅस्पिरिन देऊ नका. कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी आजाराची कल्पना द्या.
• जवळ फॅक्टर कुठे मिळतो, हे आधीच विचारून ठेवा. घाटात दरड कोसळल्यावर शोधाशोध नको.
• २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

'त्याला तर काही होत नाही' म्हणून आपल्या मुलाचा उपचार थांबवू नका.