आधी पोटरी मोजा, मग बूट मागवा

देऊळघाटात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. त्यामुळे भाची नागपूरला शिकायला गेली आणि तिथे घोडेस्वारीच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा तिला हवा असलेला गुडघ्यापर्यंतचा उंच बूट कुठे मिळतो आणि कसा निवडायचा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. बुलढाण्याच्या दुकानांतून चौकशी केली. असला बूट कुणी ठेवत नव्हते. म्हणजे तो न बघता, न घालता मागवायचा. पहिला जोड चुकला, दुसरा नीट बसला. या दोन जोडांच्या मध्ये जे कळले ते आपल्यासाठी क्रमाने लिहितो आहे. आपल्याकडच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला घोड्यावर बसायचे असेल, आणि घरचा हात बेताचाच असेल, तर उपयोगी पडेल.

सुरुवात बुटाच्या कामापासून करू. घोड्यावर बसल्यावर पाय ज्या लोखंडी कडीत ठेवतो ती रिकीब. ती चामडी वादीने खोगिराला टांगलेली असते. चालत्या घोड्यावर ही वादी पोटरीला सारखी घासते, चिमटे काढते. उंच बूट पोटरीला त्यापासून वाचवतो आणि पाय घोड्याच्या अंगाशी स्थिर ठेवायला मदत करतो.

त्याहून मोठे काम टाचेचे आहे. सुमारे अडीच सेंटीमीटरची टाच असली की पाऊल रिकिबीतून आरपार पुढे जात नाही. सपाट चपटा बूट घातलेला स्वार पडला आणि पाऊल रिकिबीत अडकले, तर घोडा त्याला फरफटत नेऊ शकतो. म्हणून खेळाचे बूट घालून घोड्यावर बसू नये. शेतातला गमबूट तर नकोच. तो उंच दिसतो खरा, पण त्याचा पुढचा भाग रुंद असतो आणि तळाला चिखलासाठी खोल खाचा असतात. तो रिकिबीत बसतो कसाबसा आणि निघत मात्र नाही. घोडेस्वारीच्या बुटाचा तळ जवळजवळ गुळगुळीत असतो, तो याचसाठी.

आता उंच बूट घ्यायचाच का, हे ठरवा. शिकणारा अजून वाढीच्या वयात असेल तर माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. घोट्यापर्यंतचा जोधपुरी बूट घ्या आणि त्यावर पोटरीला गुंडाळायचे पट्टे घ्या. त्यांना हाफ चॅप्स म्हणतात. पाऊल वाढले की फक्त बूट बदलतो, पट्टे काही काळ चालतात. दोन्ही मिळून खर्च चांगल्या उंच बुटापेक्षा बराच कमी येतो आणि रोजच्या सरावात काही अडत नाही. उंच बूट घ्यावा तो वाढ थांबल्यावर, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस तरी घोड्यावर बसणे होत असेल तर.

उंच बुटातही दोन प्रकार आहेत. एकाला घोट्यापाशी पुढून नाडी असते, तो फील्ड बूट. दुसरा वरपासून खालपर्यंत सरळ, बिननाडीचा, तो ड्रेस बूट. पावलाचा वरचा भाग उंच असेल, किंवा सराव उड्यांचा असेल, तर नाडीवाला बरा, कारण घोटा मोकळा वाकतो. पहिला जोड नाडीवालाच घ्यावा.

यानंतरची पायरी मापांची. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून घाई करू नका.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून-उभे राहून पाय थोडे सुजतात आणि पोटरीचा घेर सकाळपेक्षा वाढलेला असतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो. अंगात घोडेस्वारीची घट्ट विजार, म्हणजे ब्रीचेस, आणि रोजचे मोजे असू द्या. उघड्या पायाचे माप उपयोगाचे नाही.

पाठ सरळ ठेवून खुर्चीवर बसा. पाऊल जमिनीवर सपाट आणि गुडघा काटकोनात हवा. शिंप्याची मऊ मोजपट्टी घ्या. नसेल तर सुतळीने मापून ती सुतळी पट्टीवर ठेवा. पहिले माप उंचीचे: पायाच्या मागच्या बाजूने, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. दुसरे पोटरीचे: तिच्या सर्वांत जाड भागाभोवती. तिसरे घोट्याभोवती. मग उभे राहा. भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल ठेवा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर घ्या. शेवटी बोटांच्या मुळाशी पावलाचा घेर मोजा.

मोजपट्टी टेकली पाहिजे, रुतता कामा नये. आणि दोन्ही पायांची मापे घ्या. दोन पोटऱ्या अगदी सारख्या क्वचितच असतात. एक सेंटीमीटरचा फरक सहज निघतो, आणि बूट मागवायचा तो मोठ्या पायाच्या मापाने. मापे दुसऱ्याकडून घ्यावीत, कारण स्वतः वाकले की गुडघ्याचा कोन बदलतो.

मापे सेंटीमीटरमध्ये लिहा. पावलाचा नंबर इंग्लंडच्या पद्धतीने वेगळा आणि युरोपच्या पद्धतीने वेगळा असतो. 'मला सहा नंबर लागतो' एवढ्यावर कधीही मागवू नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो, त्यात सेंटीमीटर शोधा.

आमचा पहिला जोड नेमका कुठे चुकला ते सांगतो. भाचीच्या पायाचे उंचीचे माप 40 सेंटीमीटर भरले आणि आम्ही बरोबर 40 चा बूट मागवला. आला तेव्हा सुरेख बसला. दीड महिन्यात घोट्यापाशी चामड्याला घड्या पडल्या आणि बूट खाली बसला. चामड्याचा नवा उंच बूट असा दोन ते चार सेंटीमीटर खाली येतोच, हे आम्हाला माहीत नव्हते. आखूड झालेल्या बुटाची वरची कड खोगिराच्या पदराखाली अडकू लागली. बूट वाईट नव्हता, हिशेब अपुरा होता. तेव्हा लक्षात ठेवा: चामड्याचा बूट मापापेक्षा सुमारे तीन सेंटीमीटर उंच घ्या. पहिले काही दिवस तो गुडघ्यामागे टोचेल आणि ते तसेच असायला हवे. रबरी किंवा रेक्झिनचा बूट मात्र फारसा खाली बसत नाही, तो नेमक्या मापाचाच घ्यावा.

पोटरीचे गणित वेगळे. इथे सैल घेऊ नका. नवा बूट पोटरीला इतका घट्ट हवा की चेन लागते, पण आत बोट सहज सरकत नाही. वापराने चामडे थोडे सैलावतेच. मागे किंवा बाजूला लवचिक पट्टी शिवलेला बूट मिळाला तर उत्तम, थोडीफार चूक ती सांभाळून घेते. भाचीची पोटरी 33 सेंटीमीटर, आणि पुष्कळ तक्ते सुरूच होत होते 34-35 पासून. सडपातळ पायाच्या मुलींना ही अडचण येईल. त्यांनी 'स्लिम' किंवा 'नॅरो' असा वेगळा रकाना शोधावा. तो नसेल तर दुसरी कंपनी बघावी.

पहिला जोड घेऊन मी बुलढाण्यात बाजारातल्या एका जुन्या मोच्याकडे गेलो होतो. त्याने बूट उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "भाऊ, चेन सांगा, बदलून देतो. टाच सांगा, मारून देतो. सैल असेल तर आत घेतो. पण उंची कुठून आणू? आणि चामडं फाटलं तर त्याला काय करू?" दुसऱ्या जोडाची सगळी निवड मी त्या वाक्यावर केली. जे मोची बदलू शकतो त्यावर कमी पैसे गेले तरी चालेल. जे बदलता येत नाही, म्हणजे माप आणि वरचे चामडे, तिथे पैसे घाला.

चामडे कसे ओळखायचे? जनावराच्या कातडीचा सर्वांत वरचा थर घट्ट विणीचा आणि मजबूत असतो. तो न घासता तसाच ठेवला तर त्याला फुल ग्रेन म्हणतात. वरचे डाग घासून काढून रंगाचा थर दिला तर करेक्टेड ग्रेन. मधल्या बजेटमध्ये बहुधा हेच मिळते, आणि ते वाईट नाही. खालचा थर सोलून काढतात तो स्प्लिट. त्यावर प्लॅस्टिकचा लेप चढवला की तो नवा असताना झकास दिसतो, पण घोट्याच्या घडीत तडकतो. बुटावर नुसते 'जेन्युइन लेदर' असे छापलेले असेल तर त्यावरून थर कळत नाही, विक्रेत्याला विचारा.

हातात घेऊन एक परीक्षा करता येते. अंगठ्याने चामडे दाबा. बारीक, विखुरलेल्या सुरकुत्या पडल्या आणि अंगठा काढताच विरल्या, तर थर चांगला. एकच जाड घडी पडली किंवा काहीच पडले नाही, तर वर जाड लेप आहे. कापलेली कड दिसत असेल तर तीही बघा. चामड्याची कड तंतुमय असते, रेक्झिनच्या कडेत कापडाचे धागे दिसतात.

पैसे पुरत नसतील तर एक तडजोड पटण्यासारखी आहे. पोटरीच्या आतल्या बाजूला, जिथे पाय घोड्याला आणि वादीला घासतो, तिथे खरे चामडे असावे. बाहेरच्या बाजूला रेक्झिन असले तरी फार बिघडत नाही. अस्तर मात्र पावलाच्या भागात चामड्याचे किंवा सुती असावे. एप्रिल-मे मधल्या आपल्या उन्हात रेक्झिनच्या अस्तरात पाय अक्षरशः शिजतो.

कानपूर हे आपल्या देशातले खोगीर आणि घोड्याच्या साजाचे जुने केंद्र, तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. असे बूट तिकडचे कारागीर मापाने शिवून देतात का, हे विचारायला हरकत नाही. मापाचा बूट महाग असेलच असे धरून चालू नका. दर विचारा आणि परदेशी तयार बुटाशी ताडून बघा. घोडे आणि साज एकत्र पाहायचा असेल तर दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा आहे. उंच बूट तिथे मिळेलच असे नाही, पण रिकिबी, वाद्या, खोगिरे हाताळता येतात.

तळ आता थोडक्यात. शिवलेला तळ चिकटवलेल्यापेक्षा टिकतो, कारण तो उसवून नवा लावता येतो. पण कडेला दिसणारी शिवण खरी आहे का बघा, काही बुटांवर ती नुसती ठशाची असते. तळ वाकवून पाहा: बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे हलक्या फोमसारखा तळ असेल तर फार वर्षे दुकानात पडून राहिलेला जोड घेऊ नका. दमट हवेत तो आतून कुजतो आणि एक दिवस भुगा होऊन गळतो, एकदाही न वापरता. मोठी सूट दिसली की बूट कधीचा आहे ते विचारा.

चेन सर्वांत आधी जाते. ती जाड दात्यांची हवी आणि वरच्या टोकाला बटणाची झडप हवी, म्हणजे ताण एकट्या चेनवर येत नाही. लावताना बसून लावा. आधी टाच खाली नीट बसवा, दोन्ही कडा एका हाताने जवळ ओढा, मग दुसऱ्या हाताने चेन वर न्या. नुसत्या चेनला हिसका देणे हीच ती तुटण्याची नेहमीची वाट. दातांतली माती जुन्या दातब्रशने काढा आणि महिन्यातून एकदा मेणबत्ती फिरवा.

बूट घरी आला की लगेच अंगणात जाऊ नका. तळाला माती लागली की परत घेत नाहीत. सतरंजीवर चाला. खुर्चीवर बसा-उठा. चवड्यावर उभे राहा. मग एका बाकावर धान्याचे भरलेले पोते आडवे ठेवून त्यावर खोगिरावर बसतात तसे बसा आणि टाचा खाली दाबा. नुसते उभे राहून बरोबर वाटलेला बूट इथे खरा बोलतो. बोटे पुढे आदळत असतील, किंवा टाच आत वर-खाली होत असेल, तर नंबर चुकला आहे. पोटरीची घट्टपणाची तक्रार मात्र आठवडाभर थांबवून ठेवा. जाताजाता एक: रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर रुंद असावी. नवा बूट जुन्या रिकिबीत अडत असेल तर रिकीब बदला, तिथे काटकसर नको.

पहिला आठवडा रोज पंधरा-वीस मिनिटे घरातच घाला. गुडघ्यामागे सोलवटू नये म्हणून आधीच चिकटपट्टी लावा.

मग निगा. घोड्याचा घाम खारट असतो आणि शिवणीचा दोरा खातो. उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलेले चामडे ताठ होऊन तडकते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल चोपडू नका. ते खवट होते, चामडे लुळे पडते आणि उंदीर येतात. चामड्याचे क्रीम बोटभर पुरते. पोटरीच्या आतल्या बाजूला रंगीत पॉलिश लावू नका, ते खोगिराला लागते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाला आठवड्यात बुरशी येते. आत वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी उभी करून कापडी पिशवीत ठेवा, म्हणजे पोटरीचा भाग वाकत नाही आणि ओलही शोषली जाते. आणि गावी घालताना प्रत्येक वेळी बूट उलटा करून झटका. उंच बूट ही विंचवाला आवडणारी जागा आहे.

भाचीच्या दुसऱ्या जोडाला यंदा चौथा पावसाळा. चेन एकदा बदलली, टाचेची रबरपट्टी दोनदा. दोन्ही कामे त्याच मोच्याने केली. चामडे अजून मूळचेच आहे.