अमेरिकेतील कृष्णवर्णीय इतिहास-मास : हेतू व व्यवहार

एखाद्या लोकसमूहाच्या इतिहासासाठी वर्षातील एक महिना राखून ठेवल्याने त्या इतिहासाला न्याय मिळतो काय, हा वाद अमेरिकेत फेब्रुवारी मासाच्या निमित्ताने वारंवार उपस्थित झालेला आहे. आक्षेप बहुधा कालावधीवर घेतला जातो : एका महिन्यात सांगणार किती, आणि उरलेल्या अकरा महिन्यांत शिकविला जाणारा इतिहास मग कोणाचा? आक्षेप निराधार नव्हे. तथापि ह्या प्रथेचे मूळ पाहिले असता मुख्य अडचण निराळीच दिसते.

प्रथेचे प्रवर्तक कार्टर वुडसन (१८७५–१९५०) हे गुलामगिरी भोगलेल्या मातापित्यांचे पुत्र. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९१२ मध्ये संपादन केली, १९१५ मध्ये नीग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासार्थ संस्था स्थापिली आणि १९१६ मध्ये संशोधनपत्रिका काढली. 'नीग्रो इतिहास सप्ताह' आला तो त्यानंतर दहा वर्षांनी, १९२६ मध्ये. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. शाळांनी वर्षभर जे शिकविले त्याचे दर्शन सप्ताहात घडावे, अशी वुडसन यांची अपेक्षा होती. सप्ताह हाच अभ्यासक्रम व्हावा, अशी नव्हे. १९७० मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात सप्ताहाऐवजी मास पाळण्यात आला व १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली. मुदत चौपट झाली. वर्षभराच्या अभ्यासाची अट मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिली.

अडचण आहे ती तिथीच्या निवडीत. लिंकन यांची जयंती १२ फेब्रुवारीस व फ्रेडरिक डग्लस यांची १४ फेब्रुवारीस कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच साजरी करीत असे; वुडसन यांनी रूढ प्रघाताचाच आधार घेतला. दोन थोर पुरुषांचे स्तवन त्यांना स्वत:ला अभिप्रेत नव्हते. इतिहास असंख्य सामान्यजन घडवितात, असे त्यांचे मत होते. परंतु जयंती म्हटली की व्यक्ती पुढे येते आणि समूह मागे सरतो. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा मग लिंकन यांचे दान ठरते. संघराज्याच्या सैन्यात लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक आणि मळे सोडून निघालेले गुलाम तिच्या आड जातात. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये ह्याच निर्गमनाला सार्वत्रिक संपाचे स्वरूप असल्याचे प्रतिपादिले होते. (जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी', १८७३, अर्पण केली तीही गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांस. दुरून पाहणाऱ्यासही मुक्तिदाताच आधी दिसला, हे स्वाभाविक होय.)

ह्या दृष्टीने दुसऱ्या जयंतीचा वृत्तान्त अधिक बोधक आहे. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले आणि आपली जन्मतिथी त्यांना कधीच कळली नाही. १४ फेब्रुवारी हा दिवस त्यांनी स्वत: निवडलेला. जन्मवर्ष १८१७ असावे असा त्यांचा तर्क होता. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर कित्येक दशकांनी एका संशोधकास नोंद आढळली : फेब्रुवारी १८१८, मातेचे नाव हॅरिएट. दिवस दिलेला नाही. नोंद होती ती मालकाने आपल्या गुलामांच्या केलेल्या यादीत.