सशाचे दात व सशाचा विरंगुळा

मुलांच्या हट्टाखातर अनेक घरांत सशांची जोडी विकत आणली जाते. तिच्यासाठी जाळीचा पिंजरा तयार होतो, पुढे गाजर व पोळीचे तुकडे टाकले जातात, आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. ससे पिंजऱ्याची लाकडी चौकट कुरतडतात, जाळी चावतात, मोकळे सोडल्यास विजेच्या वायरी तोडतात. प्राणी खोडकर आहे असे समजून त्याला अधिकच कोंडून ठेवण्यात येते. वास्तविक कुरतडणे ही सशाची खोड नसून त्याच्या शरीराची गरज आहे. योग्य वस्तू न मिळाल्यास ही गरज तो अयोग्य वस्तूंनी भागवितो. आणि तोही मार्ग बंद झाल्यास तो आजारी पडतो.

दातांची वाढ व झीज

सशास एकूण २८ दात असतात. त्यांपैकी ६ पुढचे दात व उरलेल्या २२ दाढा होत. हे सर्व दात जन्मभर वाढत राहतात. पुढच्या दातांची वाढ आठवड्यास सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १० सेंटिमीटर होते. रोजच्या झिजेमुळेच त्यांची लांबी मर्यादेत राहते. झीज कमी पडल्यास पुढचे दात वाकडे वाढून ओठांत व हिरड्यांत रुततात, तर दाढांना अणकुचीदार टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात. अशा सशास भूक असूनही खाता येत नाही.

येथे एक समज दूर करणे अवश्य आहे. पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा टाकला की दातांची चिंता मिटली, असे अनेकांना वाटते. परंतु लाकूड कुरतडले जाते ते पुढच्या दातांनी. दाढांची झीज होते ती गवत चघळताना. गवताचा चिवट तंतू दळण्यासाठी ससा खालचा जबडा आडवा फिरवितो व त्यामुळे दाढा परस्परांवर घासल्या जातात. पोळी, भात किंवा गोळ्यांचे तयार खाद्य थोड्याच चावण्याने गिळले जाते; त्याने ही झीज होत नाही. म्हणून गवत हेच सशाचे पहिले चघळणे व फांद्या हे दुसरे, हा क्रम लक्षात ठेवावा.

गवताचा दुसरा उपयोग पोटासाठी होतो. तंतुमय चाऱ्यामुळे सशाच्या आतड्यांची हालचाल चालू राहते. पिष्टमय व गोड पदार्थांनी ती मंदावते आणि पोट फुगते. गाजर हे सशाचे मुख्य अन्न नसून, आठवड्यातून एकदोनदा लहानसा तुकडा द्यावयाचा खाऊ आहे.

चघळण्यास काय द्यावे

हरळी, मारवेल, पवना यांसारखे स्वच्छ वाळलेले गवत पिंजऱ्यात अहोरात्र असावे. बांधावरील ताजे गवतही चालते. मात्र तेथे तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करून घ्यावी. बुरशी आलेली किंवा ढिगात तापलेली वैरण कधीही घालू नये. लसूणघास पौष्टिक असला तरी प्रौढ सशास तो थोडाच द्यावा.

फांद्यांमध्ये तुती उत्तम. तिची पाने व साल ससे आवडीने खातात. पेरू व जास्वंद यांच्या बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या डहाळ्याही द्याव्यात. साल काढू नये, कारण सोलण्यातच सशाचा वेळ चांगला जातो.

पुढील वस्तू मात्र सशाच्या तोंडास लागू देऊ नयेत. कण्हेर, घाणेरी, रुई व एरंड या वनस्पती विषारी असून कुंपणास व पडीक जागेत सर्वत्र आढळतात. ज्वारीचे कोवळे पोंगे व कापणीनंतरचे फुटवे गुरांनाही बाधतात. तेव्हा ते सशास देऊ नयेत. रंग किंवा वार्निश दिलेले लाकूड, डिंकाने जोडलेले प्लायवुड, प्लास्टिकची खेळणी, रबर, नायलॉनची दोरी व कापडाच्या चिंध्या वर्ज्य कराव्यात. सशास ओकारी होऊ शकत नाही. गिळलेला प्लास्टिकचा तुकडा आतड्यात अडकल्यास त्याच्या जिवावर बेतते. विजेच्या वायरी सशाच्या आटोक्याबाहेर उंचावर बांधून घ्याव्यात.

विरंगुळ्याची साधने

पाळीव ससा हा युरोपातील, मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील, कळपाने बिळे करून राहणाऱ्या रानसशाचा वंशज आहे. उकरणे, लपणे, शोधून खाणे व पहाटे आणि सायंकाळी धावणे हा त्याचा स्वभाव होय. ज्या साधनाने यांपैकी एखादी क्रिया साधते तेच त्याचे खरे खेळणे. त्यासाठी पैसा खर्चण्याचे कारण नाही.

लपण्यासाठी जुना माठ आडवा ठेवावा. काठ फुटका असल्यास धार घासून बोथट करावी. पुठ्ठ्याच्या खोक्यास समोरासमोर दोन दारे कापून दिल्यास उत्तम बीळ तयार होते. खोक्याच्या पिना व चिकटपट्टी आधी काढून टाकावी. उकरण्यासाठी पसरट घमेल्यात स्वच्छ कोरडी माती किंवा वाळलेले गवत भरावे. गोळ्यांचे रोजचे खाद्य वाटीत न घालता गवतात विखरून टाकल्यास ससा ते तासभर शोधीत राहतो. न रंगविलेल्या बांबूच्या लहान करंडीत गवत कोंबून दिल्यास तो ते ओढून काढतो आणि करंडीही कुरतडतो. सर्व वस्तू एकदम देऊ नयेत. दोनतीन आत ठेवून दर आठवड्यास बदलाव्यात. जुनी वस्तू काही दिवसांनी परत आली की तिची गोडी पुन्हा वाटते.

खेळण्यांइतकीच जागा महत्त्वाची आहे. सशास तीन उड्या सलग मारता याव्यात व मागच्या पायांवर ताठ उभे राहता यावे, एवढा पिंजरा हवा. जाळीच्या तळावर लाकडी फळी टाकावी, नाहीतर तळपायास जखमा होतात. सशास उष्णता सोसत नाही. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. तेव्हा उन्हाळ्यात पिंजरा सावलीत व वाऱ्यावर ठेवावा आणि ससा मोकळा सोडावयाचा तो पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच, कुत्र्यामांजरांपासून राखून. ससा एकटा रमत नाही. परंतु नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे ३१ दिवसांच्या गर्भकाळानंतर पिले होतात व दोन वयात आलेले नर भांडतात, याचा विचार जोडी घेण्यापूर्वीच करावा.

शेतात आढळणारा ससा ही निराळी जात आहे. तो बिळे करीत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण असून तो पकडून पाळणे हा गुन्हा आहे.

वेळीच ओळखावयाची लक्षणे

शिकार होणाऱ्या प्राण्यांप्रमाणे ससा आपले दुखणे लपवितो. त्यामुळे तो अचानक मेला असे वाटते. प्रत्यक्षात दुखणे काही दिवस चालू असते. जाळी सतत चावणे किंवा स्वतःचे केस उपटणे हे बहुधा कंटाळ्याचे लक्षण होय. मादी मात्र विण्यापूर्वी घरट्यासाठी केस उपटते. हनुवटी ओली राहणे, चघळताना घास गळणे, गवत टाळून मऊ तेवढेच खाणे ही दाढांच्या विकाराची चिन्हे आहेत. ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल किंवा लेंड्या पडणे थांबले असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकास दाखवावे. वाढलेले दात घरी पक्कडीने किंवा नखे कापण्याच्या साधनाने तोडू नयेत. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ससे पाळणाऱ्या घरी गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात: पिंजऱ्यात गवत आहे काय, लेंड्या भरपूर व टणक आहेत काय, हनुवटी कोरडी आहे काय आणि सशास लपावयास जागा आहे काय. गवत नसल्यास बांधावरचे स्वच्छ गवत त्याच दिवशी घालण्यास सांगावे. सशाची रोजची देखभाल बहुतेक घरांत मुलेच करतात. म्हणून हे पाहणे त्यांनाच शिकवावे.