शेततळ्याचा कागद आणि पृष्ठफळाचा हिशेब

वरच्या इयत्तांतील मुले पृष्ठफळाचे सूत्र बहुधा बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु त्या सूत्रावरून बाजारातून किती माल आणावा, असे विचारले असता गोंधळतात. औसा तालुक्यातील शिक्षकांना यावर उपाय गावच्या शिवारातच सापडेल. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि शेततळे मुलांच्या नित्य परिचयाचे झाले. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम लागला की साठविलेले पाणी झिरपून जाते. म्हणून पुष्कळ ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकच्या जाड कागदाचे अस्तर देतात. तो कागद किती लागेल, हा प्रश्न पृष्ठफळाचा आहे.

तळ्याचे तोंड 30 मीटर लांब व 30 मीटर रुंद, खोली 3 मीटर आणि कडांचा उतार एकास एक असा धरू. प्रत्येक बाजू तळाकडे 3 मीटर आत येते, म्हणून तळ 24 मीटर चौरस राहतो. प्रथम मुलांना विचारावे, कागद कोणकोणत्या पृष्ठांना लागणार? तळ एक आणि कडा चार, तोंड उघडे. तळाचे क्षेत्रफळ 576 चौरस मीटर. प्रत्येक कड समलंब चौकोनाची असून तिच्या समांतर बाजूंची सरासरी 27 मीटर आहे.

येथेच मुले हटकून चुकतात. कडेची उंची म्हणून ती 3 मीटर खोलीच घेतात. चार कडांचे 324 आणि तळाचे 576 मिळून बेरीज 900 होते. ही चूक खोडून पुढे जाण्याची घाई शिक्षकांनी करू नये. 900 म्हणजे तळ्याच्या तोंडाचे नेमके क्षेत्रफळ. तोंडावर ताणून बसणारा कागद खाली तळाला टेकेल काय, एवढेच विचारावे. ओल्या मातीत 30 सेंटिमीटर तोंडाचा, 24 सेंटिमीटर तळाचा व 3 सेंटिमीटर खोल असा खड्डा करवून त्यात 30 सेंटिमीटर चौरस वर्तमानपत्र बसवावयास सांगावे. कागद काठापर्यंत पोहोचत नाही, हे मुले स्वतःच पाहतील.

उतारावरून मोजलेली तिरकस उंची पायथागोरसच्या सिद्धांताने सुमारे 4.24 मीटर येते. त्यावरून चार कडांचे क्षेत्रफळ 458 व एकूण 1034 चौरस मीटर होते. पहिल्या हिशेबात 134 चौरस मीटर कागद कमी पडला असता. असा तुटवडा शेतावर जोड देऊन भरावा लागतो आणि जोड कच्चा राहिला तर तळे गळते.

तथापि 1034 हेही खरेदीचे माप नव्हे. कागदाची कड काठाबाहेर चरात पुरतात. त्यासाठी चारी बाजूंनी एकेक मीटर धरल्यास व अखंड चौरस कागद पसरावयाचा असल्यास त्याची बाजू 24 + 8.48 + 2 = 34.48 मीटर, म्हणजे सुमारे 1189 चौरस मीटर लागतात. कोपऱ्यांत पडणाऱ्या घड्यांचा कागद यातच आला. घड्या कोठे पडतात, हे वर्तमानपत्राच्या नमुन्यात दाखविता येते. प्रत्यक्ष मोजमापास मुलांना कोरड्या तळ्यावरच न्यावे. पाणी असलेल्या तळ्याचा कागद इतका निसरडा होतो की आत पडलेल्यास वर चढता येत नाही.

या तळ्याचे घनफळ 2196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर. 2016 च्या टंचाईत मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेच्या एका वाघिणीत सुमारे 50,000 लिटर पाणी मावत असे. त्या हिशेबाने हे 44 वाघिणींचे पाणी झाले.

पुढील उदाहरण म्हणून तोंड व खोली तीच ठेवून उतार दीडास एक करावा. तळ 21 मीटर व तिरकस उंची 5.41 मीटर होते. पृष्ठफळ 993 चौरस मीटर, म्हणजे 41 ने कमी. पण पाणीही सव्वादोन लाख लिटरने घटते. तरीही काळ्या मातीत असा सौम्य उतार पसंत करतात, कारण तेथे उभी कड ढासळते.