मातीचा किल्ला, साच्यातले मावळे : जुन्नर-आंबेगावातील हौशी मातीकामाचा मागोवा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील हौशी मातीकाम व्यावसायिक कुंभारकामापासून वेगळे काढून पाहावे लागते, कारण पोळ्याचे बैल आणि दिवाळीतील किल्ला या गोष्टी विक्रीचा हेतू न ठेवता घरच्याच हातांनी घडत आल्या आहेत. पार्थिव मूर्ती, म्हणजे पूजेपुरती मातीची घडवून विसर्जित केली जाणारी मूर्ती, याच परंपरेतली असून लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची कथाही पार्वतीने केलेल्या अशाच मूर्तीच्या पूजेशी जोडलेली आहे.

या सर्वांत सामूहिक उपक्रम म्हणावा असा एकच, तो म्हणजे किल्ला. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर गोणपाट टाकायचे, चिखलाचा लेप द्यायचा आणि हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवू द्यायची, ही पद्धत महाराष्ट्रभर सारखीच असली, तरी शिवनेरीच्या पायथ्याशी तिला प्रत्यक्ष नमुन्याची कसोटी लागते. सात दरवाजांची चढती वाट, शिवाई देवीचे मंदिर, गंगा-जमुना टाकी आणि कडेलोटाचा कडा यांतले काही चुकले, तर ते दाखवून देणारे गल्लीतच भेटतात. काळी माती वाळताना आकसून तडकते, त्यामुळे लेपात शेण किंवा बारीक भुसा मिसळावा लागतो, हे ज्ञान पुस्तकाविना पुढच्या पिढीकडे गेले.

किल्ल्यावर मांडायच्या मावळ्यांच्या बाबतीत मात्र हौशी हात लवकर मागे हटला. भाजलेल्या मातीच्या चित्रांची जागा साच्यात ओतलेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसने, म्हणजे भाजून दळलेल्या आणि पाण्याने काही मिनिटांत घट्ट होणाऱ्या जिप्समने घेतली, व पुढे प्लॅस्टिकही आले. यात दोष साच्याचा नव्हे. सातवाहनकाळात तेर, नेवासे येथे दुहेरी साच्यात, म्हणजे पुढचा-मागचा भाग वेगळा दाबून जोडण्याच्या पद्धतीने, उत्तम मृण्मूर्ती घडल्याच होत्या. दोष तयार मालाचा, कारण त्यामुळे प्रत्येक गडावर तोच भालदार उभा राहिला.

या एकसारखेपणावर एक उतारा म्हणजे पॉलिमर क्ले. जर्मनीत १९६० च्या दशकात फिमो या नावाने बाजारात आलेली ही क्ले आज शहरी हौशी कलावंतांच्या हाती रुळली आहे. नावात क्ले असली, तरी ती माती नव्हे. पीव्हीसी या प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य यांचा तो लगदा असून सुमारे १३० अंश सेल्सिअसला घरच्या ओव्हनमध्येही पक्का होतो. बोटभर मावळ्याच्या पगडीचा पीळ तिच्यात टिकतो, ती मातीसारखी वाळून तडकत नाही आणि रंग आतूनच असतो. भट्टी किंवा साचा नसतानाही स्वतःचा मावळा घडवता येतो, हा तिचा खरा लाभ. पण ती प्लॅस्टिकच आहे व दिवाळीनंतर अंगणात मिसळत नाही.

जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर प्रतिकृतींची मागणी वाढल्यास तयार मालही वाढेल. त्यामुळे जपून ठेवायच्या मावळ्यांसाठी पॉलिमर क्ले वापरण्यास हरकत नसावी. किल्ला मात्र मातीचाच असावा.